मुठीचा डबा

आमच्या दऱ्यात दुपार कलली हे कुणाला घड्याळावरून कळत नसे. ते आण्णांच्या इंजिनावरून कळायचं. आधी हँडल मारल्याची घरघर, मग इंजिनाला लागलेला एक मोठा ठसका, आणि मग पुक्‌ पुक्‌ पुक्‌ असा एकसुरी आवाज. धूर जायच्या नळीच्या तोंडावर आण्णांनी वनस्पती तुपाचा रिकामा डबा टांगला होता. त्यामुळे आवाज जरा घुमून निघायचा, समोरच्या डोंगरावर आपटायचा आणि पुन्हा आमच्याच अंगणात यायचा. तो ऐकला की वरच्या वस्त्यांवरून बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन उतरायला लागायच्या. आण्णा म्हणजे माझे वडील. दऱ्यातली एकुलती एक पिठाची गिरणी त्यांची. बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. आई म्हणायची, ह्यांना तोंड उघडायचा कंटाळा, म्हणून ह्यांनी आपल्या वतीनं बोलायला इंजिन आणून ठेवलंय. आण्णा त्यावर नुसतं मिशीतलं पीठ झटकत.

आमचं गाव, मोरदरा, पाथर्डीकडच्या कोरड्या डोंगरांत आहे. तीन बाजूंना डोंगर, चौथीकडून ओढा बाहेर पडतो, आणि ओढ्याच्या काठाने जी गाडीवाट जाते ती खाली फाट्यावर डांबरी सडकेला लागते. आम्ही गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. भिंतीवर पीठ, देवावर पीठ, दप्तरावर पीठ. शाळेत मला कुणी रागावून मारलं तर माझ्या पाठीतून धुरळा उडतो, असं माझे भाऊ सगळ्यांना सांगत असत आणि ते फारसं खोटं नव्हतं. चहालासुद्धा पिठाची चव असायची. थंडीच्या दिवसांत आई हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायची. लसणाचा वाटलेला गोळा, भरपूर पाणी, आणि चुलीवर रटरटणारं पातेलं. इंजिन बंद झालं की एकदम शांत व्हायचं आणि त्या शांततेत पातेल्याचा आवाज ऐकू यायचा, तेव्हा भूक खवळायची. आता नगरला माझ्या गॅसवर मी तीच शेंगोळी करते, लसूणही तितकाच घालते. चांगली होतात. पण माझी सून आल्यागेल्याला विचारते, आपण शेंगोळी खात असताना आई समोर बसून कसला आवाज ऐकत असतात?

दिवाळी झाली की खाली फाट्यावर ऊसतोडीच्या ट्रका यायच्या. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळं त्यांत चढायचं आणि दारांना कुलपं लागायची. मागे राहायची म्हातारी माणसं आणि गुरं. निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस गिरणी दिवस मावळेपर्यंत चालायची, कारण जो तो वाटेचं दळण करून नेणार. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीही पीठ करून ठेवत, पण ते किती पुरणार? पोरं उन्हाळ्यात परतायची. मधल्या काळात त्या म्हाताऱ्यांच्या चुलीचं काय, याला आमच्या दऱ्याने एक तोड काढली होती, आणि ती कुणी काढली हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गिरणीच्या दाराशी निळ्या रंगाचा एक पत्र्याचा डबा असे. दळण झालं की आपल्या डब्यातलं एक मूठ पीठ त्यात टाकायचं. ज्वारी असो, बाजरी असो, गहू असो. बायकांचे हात डबा उचलण्यात गुंतलेले असायचे, म्हणून हळूहळू ती मूठ आण्णाच टाकू लागले. 'टाका की तुमीच,' असं कधी काळी कुणी तरी म्हटलं असेल, तेवढंच. ज्याला लागेल त्याने या डब्यातून न्यायचं, पण न्यायचं ते इंजिन चालू असताना. इंजिन चालू असलं की गिरणीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे कुणी काही विचारत नाही आणि कुणाला काही सांगावं लागत नाही. भीमाजीबाबा यायचे, वरच्या वस्तीवरचे. दोन्ही मुलं तोडीला गेलेली, बायको डोळ्यांनी अधू. ते आले की आण्णा वळायचे आणि इंजिनाच्या पट्ट्याकडे बघत उभे राहायचे, जणू तो आत्ता तुटणार आहे. बाबांचं घेऊन झालं की पुन्हा इकडे तोंड.

त्या पिठाची भाकरी थापायला अवघड. सगळी धान्यं मिसळलेली, त्यामुळे कडेने फाटते, उकळतं पाणी घालून मळावं लागतं. हे मी ऐकून होते. आमच्या घरात त्या डब्यातलं पीठ कधी आलं नाही. आण्णांचा तो दंडक होता, आणि आमच्या घरात दंडक म्हणावा असा तो एकच. त्या डब्यात बौद्धवस्तीतलं पीठही पडत होतं आणि पाटलाच्या घरचंही. सुरुवातीला एकाने नाक मुरडलं होतं म्हणे. आण्णांनी त्याला सांगितलं की आधीच्या दळणाचं थोडं पीठ दगडात राहतं ते पुढच्याच्या डब्यात पडतंच, तेव्हा तू गेली कित्येक वर्षं सगळ्यांचंच खातो आहेस. त्या दिवसाची आण्णांची सगळी वाक्यं त्याच्यावर खर्च झाली, असं आई सांगायची.

मी दहावीच्या आसपास असताना गाव खाली न्यायची टूम निघाली. टूम म्हणते खरी, पण ज्याने काढली त्याला मी नावं ठेवणार नाही. आमचे सरपंच रामभाऊ. त्यांच्या सुनेला पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा बैलगाडीतून फाट्याकडे नेताना ओढ्यात चाक रुतलं, आणि मूल गेलं. सून वाचली. पुढे मी परिचारिका झाले, अशा किती तरी बायका माझ्या हाताखालून गेल्या, आणि प्रत्येक वेळी मला रामभाऊंचा त्या दिवसाचा चेहरा आठवला. त्या दिवसापासून रामभाऊंनी एकच धोशा लावला, की गाव सडकेला आणायचं. फाट्यावर जागा मिळत होती, वीज होती, नळ येणार होता, जीपगाड्या थांबत होत्या. एकेक घर खाली जाऊन पत्र्याची शेड टाकायला लागलं. पण बरेच जण कुंपणावर बसले होते. मग रामभाऊ आमच्याकडे आले. आण्णांना म्हणाले, तुमची गिरणी खाली आली की गाव आपोआप खाली येतंय.

आईला नळ हवा होता. तिचा खांदा घागरींनी बसला होता. मला तर सगळंच हवं होतं: जीप, शिंप्याच्या दुकानातला रेडिओ, आणि ओढ्यातून चपला हातात न घेता शाळेला जायची वाट. आण्णा बरेच दिवस रोजच्यासारखे दळत राहिले. मग एका सकाळी ते पट्टा काढायला लागले आणि आम्हाला कळलं. इंजिन गाडीवर चढवलं, दगड दुसऱ्या गाडीवर, आणि नळीवरचा तुपाचा डबा आणि दाराशी असायचा तो निळा डबा माझ्या मांडीवर. वरच्या वस्तीवरून भीमाजीबाबा बघत उभे होते. त्यांनी हात केला. मी मोठ्या आनंदात त्यांना हात केला, कारण मी गाडीत बसून जगात निघाले होते.

फाट्यावर सगळं होतं आणि गिरणीही चांगली चालू लागली. पण तिथे ट्रकांचे भोंगे, एस.टी.ची घरघर, हॉटेलातली गाणी. आमचं इंजिन त्यात कुठल्या कुठे बुडून जायचं. दऱ्यात तर ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. वरची म्हातारी माणसं वेळ चुकवून यायची, गिरणी बंद बघून पायरीवर बसून राहायची. काहींनी माळ्यावरची जाती खाली काढली. कलाबाई मात्र नेमाने यायची. ती बौद्धवस्तीतली, आईची मैत्रीण, उंच आणि चालायला खमकी. तिचं घर वरच राहिलं होतं. ती स्वतःचं दळण घेऊन उतरायची आणि परत जाताना निळ्या डब्यातलं पीठ फडक्यात बांधून भीमाजीबाबांकडे न्यायची.

डबा मात्र भरत नव्हता. फाट्यावर दळायला येणारी बरीच माणसं लांबची होती, सडकेकाठच्या गावांतली. त्यांना मुठीचं काही माहीत नव्हतं. आणि खाली आलेल्या आमच्याच लोकांनाही चारचौघांत मूठ टाकायची जरा लाज वाटू लागली होती. फाट्यावर असलं काही कुणी करत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. आण्णा डब्यात डोकावायचे आणि झाकण लावायचे. दिवाळी जवळ येत होती, ट्रका येणार होत्या, आणि यंदा डबा तळाला होता. त्यांना तेवढाच घोर लागला होता, पण ते बोलतील तर ते आण्णा कसले.

फाट्यावरच्या मोठ्या हॉटेलाचा मालक बाहेरून आलेला होता. माणूस कामसू, सकाळी चारला उठून भट्टी पेटवणारा. त्याचं गव्हाचं मोठं दळण असायचं आणि एरवी नोकर आणायचा. त्या दिवशी तो स्वतः आला. गिरणीत गर्दी होती. रामभाऊ होते, आमच्या दऱ्यातली आणखी पाच-सहा माणसं होती, कलाबाई होती, मी डबे पुढे सरकवत होते. त्याचं दळण झालं, आण्णांनी इंजिन थांबवलं कारण पट्टा सैल झाला होता, आणि डबा त्याच्याकडे देता देता सवयीने त्यातली एक मूठ उचलून निळ्या डब्यात टाकली. दऱ्यात हजारो वेळा केलं होतं तसं, न बघता.

हॉटेलवाल्याने त्यांचं मनगट धरलं.

"रोज असं काढता काय?" तो म्हणाला. "तरीच म्हटलं, दळण कमी का भरतंय."

इंजिन बंद होतं. प्रत्येकाला प्रत्येक शब्द ऐकू गेला. माझे वडील चोर आहेत असं कुणी तरी बोललं होतं, पांढऱ्या मिशीवर पीठ घेऊन उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना, आणि मला वाटलं जमीन फाटावी. मी आमच्या लोकांकडे बघितलं. कुणी तरी बोलेल म्हणून. त्यांनी आपापल्या डब्यांकडे पाहिलं. आज मला त्यांचा राग येत नाही. नव्या जागी नवी ओळख जमवायची होती, रोज त्याच्याच हॉटेलासमोरून जायचं होतं, आणि ती रीत त्यांना समजावून कशी सांगायची हेही कळत नव्हतं. जी गोष्ट कधी कुणाला सांगावी लागली नाही, तिला शब्द कुठून आणणार?

कलाबाई पुढे झाली. तिने आपल्या डब्याचं झाकण काढलं, भरून मूठ घेतली आणि सगळ्यांसमोर निळ्या डब्यात टाकली.

"चोरी न्हाई ती," ती त्याला म्हणाली. "आमची म्हातारी मान्सं जगत्यात त्याच्यावर. मीच न्हेऊन देते."

हॉटेलवाल्याचा हात सुटला. पण तोही खरं तेच बोलला. "असंल. पण मग मला विचारायला हवं होतं ना मावशी? माझ्या डब्यात माझ्या परवानगीशिवाय हात का?"

कलाबाई काही तरी तोडून बोलणार होती. आण्णांनी तिला हातानेच थांबवलं. "त्यांचं बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांनी निळ्या डब्यातलं वरचं मूठभर पीठ काढून त्याच्या डब्यात परत घातलं, हात झटकले आणि पट्टा ओढायला बसले.

रात्री आम्ही जेवायला बसलो. आण्णांनी भाकरी मोडली आणि ते आपण होऊन बोलले, ही आमच्या घरात मोठीच घटना होती. "जितं इचारून मूठ घ्यायची, तितं ती मूठ ऱ्हात न्हाई, वर्गनी हुती. वर्गनी गोळा करायला मी गिरनी घातली न्हाई." आईने बाहेर नळाकडे पाहिलं. तो नळ येऊन महिनाही झाला नव्हता. मग ती म्हणाली, गिरणी वर न्यायची असली तर दिवाळीच्या आत न्या, ट्रका यायच्या आधी, लोकांचं वाटेचं दळण खोळंबायला नको. तिचा खांदा तेव्हाही दुखत होता. आईचा मोठेपणा मोजायचा झाला तर मी त्या एका वाक्याने मोजते.

सकाळी बातमी लागताच रामभाऊ तावातावाने आले. गिरणी वर गेली की खाली आलेलं गाव मोडणार, हे त्यांना दिसत होतं. "आन माझ्या सुनंचं काय? तिला आता पुन्हा दिवस गेल्यात," ते म्हणाले. मी दारामागे उभी होते. आण्णा त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"गिरनी वर न्हेतो," ते म्हणाले. "पन रस्ता बी वर न्हेऊ. जीप आली पायजे दारात. तुमी म्होरं व्हा, मी हाय मागं."

आणि रामभाऊ खरोखरच पुढे झाले. ट्रका यायच्या आत ओढ्याचा उतार फोडायचा होता. तोडीला जाणारी माणसं, हातात कोयते घ्यायच्या आधी, टिकाव-फावडी घेऊन वाटेवर उतरली. खाली गेलेलीही आली आणि वर राहिलेलीही. दुपारी इंजिनाचा आवाज आला की कामाची सुट्टी. दोन्हीकडचे लोक ओढ्याच्या काठी एकत्र जेवायला बसायचे, आई आणि कलाबाई मोठ्या पातेल्यात शेंगोळी करायच्या. गिरणी पुन्हा जागेवर आल्याच्या पहिल्या दिवशी, इंजिनाने ठसका दिला आणि नळीवरचा डबा घुमला, तेव्हा समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. भीमाजीबाबा पायरीवर होतेच. त्या संध्याकाळी निळा डबा पालथ्या मुठींनी भरला होता, इतका की झाकण बसेना. फाट्यावर ज्यांनी माना खाली घातल्या होत्या, त्यांनी जरा जास्तच टाकलं होतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पहिली जीप वर आली ती रामभाऊंच्या सुनेसाठीच. तेव्हा झालेला मुलगा आता स्वतः जीप चालवतो.

सगळे परत आले असं नाही. काहींनी फाट्यावरच बस्तान बसवलं आणि त्यांचं चांगलं चाललं. पण दरा मोडला नाही. आता तर उलटंच झालंय. आता शहरातले लोक दऱ्याच्या तोंडाशी प्लॉट घ्यायला येतात, कारण त्यांना 'गावपण' पाहिजे असतं. ग्रामसभेत त्यावर कडाक्याचं बोलणं झालं. वाटेवर भिंत घालायची नाही, डोंगरावरची सीताफळं तोडायची नाहीत, असं बरंच ठरलं, आणि मला ते पटतं. पण नव्या सरपंच मुलीने मला फोन करून विचारलं की मावशी, आपल्या दऱ्याचं गावपण नेमकं कशात आहे, फलकावर लिहायला दोन ओळी द्या, तेव्हा मी गडबडले. आम्ही त्या निळ्या डब्यावर कधी काही लिहिलं नव्हतं. पुण्याहून येऊन राहिलेल्या एका निवृत्त जोडप्याला त्या मुठीचं कुणी तरी सांगितलं असावं, कारण त्यांनी एक दिवस पिशवीबंद आटा आणून न उघडताच डब्यात ठेवला. गिरणीवाल्या सुमनने हसू दाबलं, कात्रीने पिशवी कापली आणि पीठ आत ओतलं. ते अजून दऱ्यातच राहतात, आता मुठीने टाकतात.

ही सुमन म्हणजे कलाबाईची सून. आण्णांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी गिरणी तिच्या हाती दिली. माझे भाऊ पुण्याकडे गेलेले, मी नगरला, आई आधीच गेली. आण्णा मागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे, कुणाकडे यायला तयार नसायचे. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन काय हवं-नको बघून यायची. अशीच एकदा गेले आणि त्यांची ज्वारी निवडून गिरणीत नेली. इंजिन चालू होतं. सुमनने दळण काढलं, माझा डबा जवळ ओढला, आणि मग निळ्या डब्याचं झाकण उघडून त्यातल्या तीन-चार मुठी माझ्या डब्यात घातल्या. शांतपणे, रोजचं काम असल्यासारख्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्हाला? आण्णांच्या घरात? मी कमावती बाई, दर महिन्याला पैसे पाठवते, माझ्या वडिलांना ह्या डब्यातलं? मी तोंड उघडलं. पण इंजिन चालू होतं, आणि सुमन वळली होती. पाठ माझ्याकडे करून ती पट्ट्याकडे बघत उभी होती, तो आत्ता तुटणार असल्यासारखी. मी डबा उचलला आणि घरी आले.

त्या पिठाची मी पहिल्यांदाच भाकरी केली. फाटली. उकळतं पाणी घालूनही कडा जुळेनात. आण्णांपुढे ताट ठेवलं आणि मी घुश्शातच सांगितलं, सुमनने त्या डब्यातलं पीठ घातलंय, दर खेपेला घालते का?  आण्णांनी एक तुकडा मोडला, दुधात न बुडवता तसाच तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिले.

"बाजरी भीमाजीच्या रानातली हाय," ते म्हणाले. "गहू पाटलाचा. आन हे जे कडूसर लागतंय ना, ते कलाबाईच्या वस्तीवरचं. तितल्या ज्वारीला तसंच लागतं."

खरं-खोटं देव जाणे. भीमाजीबाबांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती, रान त्यांचे नातू कसत होते. पण माझा राग गेला आणि माझे डोळे भरून आले, हे मी सरळच सांगते. आण्णांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "अर्धी आनखी वाढ," ते म्हणाले, "आन तू बी बस."